राणी रुद्रमा आणि तिची बहीण: कादंबरी उभी करायची ती कशावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तेराव्या शतकातल्या वरंगळच्या काकतीय घराण्याची राणी रुद्रमादेवी आणि तिची बहीण गणपांबा यांच्यावर तुम्ही मराठीत कादंबरी लिहायला घेतलीय. तीन प्रकरणं झालीत, ती आणि पुढचा आराखडा मी वाचलाय. राणीबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं, बहिणीबद्दल जेमतेम. मग बहिणीला सिंहासनाच्या हव्यासाने पेटलेली दाखवली तर चालेल का, मोकळीक किती घ्यायची आणि भाषा कशी ठेवायची?

ऐतिहासिक कादंबऱ्यांची हस्तलिखितं वाचणं, दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि स्वतःही लिहिते. त्या जोरावर सांगते.

मत्सराचा विषय आधी निकालात काढू. नको. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही असं नाही, पण राणीला बहीण आहे म्हटल्यावर तिसऱ्या प्रकरणात ती खिडकीआडून राज्याभिषेक बघत ओठ चावणार, हे वाचक तुमच्याआधी ओळखतो. आणि इथे तर तुमच्या हातात त्याहून कितीतरी दमदार गोष्ट आहे. एकाच बापाच्या दोन मुली, दोघींनी राज्य केलं, आणि दोघी सत्तेपर्यंत पोचल्या त्या अगदी निरनिराळ्या वाटांनी.

बाप गणपतिदेव. ११९९ ते साधारण १२६२ एवढी प्रदीर्घ कारकीर्द. त्याने एका मुलीला मुलाच्या जागी वाढवलं. कोरीव लेखांत ती 'रुद्रदेव महाराज' म्हणून येते, पुल्लिंगी. रुद्रमेचा नातू प्रतापरुद्र, त्याच्या पदरी असलेल्या विद्यानाथ कवीनेही गणपतीने लेकीला रुद्र हे पुरुषी नाव दिल्याचं लिहून ठेवलंय. दुसरी मुलगी मात्र सरळ मुलगीच राहिली. तिचं लग्न धरणीकोटच्या कोटा घराण्यातल्या बेताशी झालं. धरणीकोट म्हणजे जुनं धान्यकटक, अमरावतीला लागून, कृष्णेच्या दक्षिण काठावर. बेता वारला आणि त्या काठचा 'षट्सहस्र' प्रदेश गणपांबेने सांभाळला.

यनमदलच्या शिलालेखात तिची ही हकिगत आहे, इ.स. १२५०च्या सुमाराची. अमरेश्वराच्या देवळावर तिने सोन्याचे कळस चढवले. नवऱ्याच्या पुण्यासाठी बेतेश्वर उभारला, बापाच्या नावाने गणपेश्वर. म्हणजे रुद्रमा बापाबरोबर सहसत्ताधीश म्हणून पुढे येण्याच्या आधीपासून ही बाई राज्यकारभार करत होती. लोकांना राणी म्हणून रुद्रमा ठाऊक, पण अनुभवाने जुनी ही. तुमच्या आराखड्यात नेमकं उलटं आहे. तिथे गणपांबा 'मागे राहिलेली' आहे.

आता या दोघींच्या लेखांकडे कादंबरीकाराच्या नजरेने बघा. एकीने पुरुषाचं नाव अंगावर घेतलं, दुसरीने पुरुषांची नावं देवळांना दिली. दोघींनाही स्वतःच्या नावाने सरळ राज्य करायची सोय नव्हती, आणि दोघींनी आपापली तोड काढली. एक लेक असून लेक राहिली नाही. दुसरी लेक, बायको, विधवा अशा सगळ्या पायऱ्या चढून तिथेच पोचली. या दोघी एकमेकींकडे बघून काय म्हणत असतील? माझ्या मते तुमची कादंबरी हीच आहे. गादीसाठी भांडण लावलंत तर ही बाजू पुसली जाते, कारण भांडणात दोघी एकाच वस्तूमागे धावताना दिसतात.

सोन्याच्या कळसांवर एक प्रकरण खर्च करा. अमरेश्वर हे तिने बांधलेलं देऊळ नव्हे, आधीपासूनचं मोठं क्षेत्र. नवरा गेल्यावर सासरच्या प्रजेसमोर, सासरच्या सगळ्यात मोठ्या देवाच्या शिखरावर ही माहेरची श्रीमंती चढवते. भक्ती असेलच, पण 'मी इथली आहे आणि मी इथेच राहणार आहे' हे अख्ख्या गावाला नदीपलीकडून दिसेल अशा जागी सांगणंही आहे. दीर, पुतणे, देवळाचे कारभारी, कोण काय बोललं असेल? सोनं कुठून आलं? ओरुगल्लूहून, म्हणजे काकतीयांच्या राजधानीतून, आजच्या वरंगळहून, आलं असेल तर तिथे ते कुणी मंजूर केलं? दोन बहिणींचा पहिला व्यवहार इथे होऊ शकतो, आणि तो हिशेबाचा असेल. मला तो गळामिठीपेक्षा खरा वाटतो.

तुम्ही दोघींना एका महालात ठेवलंय, तेही सोडा. ओरुगल्लू आणि धरणीकोट यांच्यामध्ये लांब पल्ला आहे आणि कृष्णा आडवी आहे. पावसाळ्यात निरोपसुद्धा अडकतो. बापाचा बेत नकाशावर मांडून पाहा. गणपतीने स्वतः दिवी भागातल्या, म्हणजे कृष्णेच्या मुखाजवळच्या अय्य कुळातल्या नारांबा आणि पेरांबा या दोन सख्ख्या बहिणींशी लग्न केलं. त्यांचा भाऊ जायप त्याचा गजदलाचा सेनापती झाला. 'नृत्तरत्नावली' हा नृत्यावरचा ग्रंथ त्याचाच. मग एक मुलगी निडदवोलूच्या पूर्व चालुक्य वीरभद्राला दिली, ती रुद्रमा, दुसरी धरणीकोटला. किनाऱ्याकडच्या सुपीक मुलखात तीन ठिकाणी सोयरीक. हे त्याने विचारपूर्वक केलं, हे कळायला कुणी इतिहासकार लागत नाही.

यातून तुम्हाला आयती जोडी मिळते. आधीच्या पिढीत दोन बहिणी एका नवऱ्याच्या घरात, पुढच्या पिढीत दोन बहिणी दोन राज्यांत. रुद्रमा आणि गणपांबा यांची आई कोण, सख्ख्या की सावत्र, थोरली कोण, याचा निर्णय कादंबरीत तुम्हालाच करावा लागेल. लवकर करा आणि मग त्यावर ठाम राहा, कारण कोण कुणाला अरेतुरे करणार, कोण कुणाच्या पाया पडणार, हे सगळं त्यावर ठरतं. मी असते तर गणपांबेला थोरली केलं असतं. थोरलीला डावलून धाकटीला 'मुलगा' केलं, हा बापाचा निर्णय मग घरातल्या प्रत्येक जेवणात हजर राहतो, आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढायची गरज पडत नाही.

भेटीसाठी जागा हवी असेल तर मलकापुरमचा लेख वाचा. इ.स. १२६१. गोळकी या शैव मठाचा विश्वेश्वर शिवाचार्य हा गणपतीचा गुरू. त्याला बापाने कबूल केलेलं मंदडम गाव रुद्रमेने रीतसर दान दिलं. उत्पन्नातून देऊळ, मठ, वेद शिकवणारे, सर्वांसाठी अन्नछत्र, आरोग्यशाळा आणि प्रसूतिशाळा चालवायची होती. वैद्य आणि हिशेबनीस यांचीसुद्धा नेमणूक आहे. तेराव्या शतकातल्या दानलेखात बाळंतिणींची सोय वाचून मी खुर्चीत सरळ बसले होते. आणि हे मंदडम कुठे? कृष्णेच्या त्याच दक्षिण काठावर, धरणीकोटपासून फार लांब नाही. (शेजारच्या वेलगपूडीत आज आंध्र प्रदेशाचं सचिवालय आहे.) म्हणजे राणीने दान दिलं ते बहिणीच्या अंगणात म्हणावं इतक्या जवळ.

बहिणीला विचारलं होतं का? हा प्रश्न लेखात नाही, कादंबरीत हवा. प्रसूतिशाळेची कल्पना कुणाची, हेही तुम्ही ठरवू शकता. तिथे मोकळीक घ्या, पोटभर घ्या. फक्त लेखात जे आहे ते मोडू नका.

हाच माझा मोकळिकीचा नियम. दगडावर आहे ते हलवायचं नाही. नंतरच्या चरित्रग्रंथांत आहे ते 'लोक असं सांगतात' या पातळीवर वापरायचं. दोन्हींत नसलेलं सगळं आपलं. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातले हरिहरदेव आणि मुरारिदेव हे बंडखोर सावत्र भाऊ नंतरच्या तेलुगू चरित्रपरंपरेतून आलेत. त्यांच्या खांद्यावर अख्खं कथानक टाकू नका. एखाद्या म्हाताऱ्या दासीच्या तोंडी त्यांची गोष्ट शोभेल.

आता मराठी वाचकासाठी सगळ्यात चवदार भाग, आणि तो तुम्ही दीड पानात उरकलाय. देवगिरी.

काकतीय आणि यादव यांचं वैर रुद्रमेच्या जन्माआधीचं. तिचा चुलतआजोबा रुद्रदेव, हनमकोंड्याचं हजारखांबी देऊळ बांधणारा, यादव जैतुगीशी लढताना मारला गेला. तिचा आजोबा महादेव यादवांवरच्या स्वारीत पडला. बाप गणपती तरुणपणी यादवांच्या कैदेत होता आणि त्यांनी सोडल्यावर गादीवर बसला. 'रुद्र' हे नाव तिला देताना बापाच्या मनात काय असेल, विचार करा. देवगिरीने ज्या नावाचा माणूस मारला, ते नाव त्याने लेकीला लावलं.

१२६१ साली देवगिरीला महादेव यादव गादीवर आला. त्याचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री, आपला हेमाडपंत. 'चतुर्वर्गचिंतामणी'च्या व्रतखंडातल्या राजप्रशस्तीत तो महादेवाची थोरवी सांगताना म्हणतो की राजाने तेलंगच्या अधिपतीचे हत्ती आणि पंचवाद्यं हिरावली, पण रुद्रमेला सोडून दिलं, कारण तो स्त्रीवध करत नाही. तेलुगू परंपरा सांगते की महादेव ओरुगल्लूला वेढा घालून बसला होता, राणीने त्याला पिटाळलं, देवगिरीपर्यंत पाठलाग केला आणि जबर खंडणी घेतली. शिवाय बिदरला, म्हणजे यादवांच्या मुलखात, तिच्या बाजूचा शिलालेख सापडलाय. तिथे सिंद घराण्यातला भैरव हा तिचा सेनानी दिसतो, आणि तिला 'रायगजकेसरी' हे बिरुद लावलेलं आहे. बिदरपर्यंत तिचं सैन्य पोचलं असेल तर हेमाद्रीचं औदार्य जरा संशयास्पद वाटतं. दरबारी प्रशस्ती लिहिणाऱ्याला 'आम्ही मागे फिरलो' असं लिहिता येत नाही. 'आम्ही सोडून दिलं' असं लिहिता येतं.

पण तुम्हाला खटल्याचा निकाल द्यायचा नाहीये. बघा काय झालंय ते: स्वतःच्या राज्यातल्या दगडांवर ती महाराज आहे, आणि शत्रूच्या श्लोकात ती बाई झाली. आयुष्यभर ज्या ओळखीवर पडदा टाकून राज्य केलं, ती हेमाद्रीने तिचा जीव वाचवण्याचं कारण म्हणून वापरली. हा श्लोक ओरुगल्लूला पोचतो तेव्हा त्याचा अर्थ कोण सांगणार? सभेतला पंडित अडखळेल. सेनापती हसण्यावारी नेतील. मी तो गणपांबेच्या तोंडी देईन. बाई म्हणून राज्य केलेली तीच एक त्या घरात आहे. तिला त्यातला अपमानही कळेल, आणि कदाचित हसूही येईल, आणि ते हसू रुद्रमेला सहन होणार नाही. झालं तुमचं भांडण! गादीवरून नाही, पण वर्षभर अबोला धरावा असं.

बाहेरच्यांनी तिला कसं पाहिलं याचं आणखी एक गमतीदार उदाहरण मार्को पोलोचं. मोटुपल्ली बंदराच्या मुलखाबद्दल तो लिहितो की राजा मरून चाळीसेक वर्षं झाली, त्याची राणी मोठी शहाणी, नवऱ्यावरच्या प्रेमाखातर तिने दुसरं लग्न केलं नाही. म्हणजे राजाच्या मुलीची त्याने राजाची विधवा करून टाकली. राज्य करणारी बाई म्हणजे विधवाच असणार, हे बंदरावरच्या लोकांनी की त्याने स्वतः गृहीत धरलं, कोण जाणे. पण खरी राज्य करणारी विधवा तिची बहीण होती. ही सरमिसळ कादंबरीत वापरली नाहीत तर मला वाईट वाटेल.

भाषेकडे येते. तुमची भाषा ओघवती आहे, पण ती शिवकाळातली आहे. 'जासुदाने मुजरा करून खलिता पेश केला, दरबारात एकच हलकल्लोळ उडाला.' आपण सगळे शिवकालीन कादंबऱ्यांवर वाढलो, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळतो. पण रुद्रमा वारली १२८९ला, आणि अल्लाउद्दीनाची देवगिरीवरची स्वारी १२९६ची. मुजरा, खलिता, फौज, सरदार, जहागीर हे तिच्या सभेत शोभत नाहीत. नायक, दंडनायक, अग्रहार, दुर्ग, दान, सेना असे शब्द आहेत की. वरचं वाक्य मी असं करीन: 'दूत वाकला. ताडपत्र त्याने दोन्ही हातांनी पुढे धरलं. सभेत कुणी हललं नाही.' निवेदनातून प्रत्येक फारसी शब्द उपटायला मात्र जाऊ नका. 'जमीन' आणि 'हवा' काढायच्या नादात भाषा पाठशाळेतली होते. संवाद, पदव्या आणि राज्यकारभार एवढं स्वच्छ ठेवलं तरी पुरे.

आणि या काळासाठी मराठी लेखकाजवळ जे आहे ते फार थोड्यांजवळ आहे: 'लीळाचरित्र'. शके १२००च्या आसपासचं, म्हणजे रुद्रमेच्या हयातीतलंच. तेराव्या शतकातला दख्खनी माणूस काय खातो, कसा रुसतो, वाटेत कुठे थांबतो, थंडीत काय पांघरतो, हे त्यात जागोजागी आहे, तेही प्रशस्तीच्या फुगवट्याशिवाय. त्यातल्या एकांक या भागात तर चक्रधरस्वामींच्या आंध्रदेशातल्या भ्रमंतीच्या लीळा आहेत. तिथून वाक्यं उचलू नका, ती तशीच्या तशी आज झेपणार नाहीत. लहान लहान वाक्यांची ती चाल कानात बसू द्या. राण्यांपेक्षा दासी, वाटाडे, देवळातल्या बायका यांच्या बोलण्यात ती फार छान उतरेल.

कपडेपट आणि जेवण यावर जास्त लिहीत नाही. फक्त चौथ्या पानावरचा मिरचीचा ठेचा काढा. मिरची पोर्तुगिजांबरोबर आली. तिखटाला मिरे वापरा.

वयाचं काय करणार आहात? तुमची रुद्रमा शेवटच्या लढाईतही तिशीची दिसते. चंदुपटलाचा लेख नोव्हेंबर १२८९चा आहे. मल्लिकार्जुन नायक या सेनापतीच्या पदरच्या एका साध्या सैनिकाने, पुव्वुल मुम्मडीने, राणी आणि तो सेनापती या दोघांच्या पुण्यासाठी सोमनाथदेवाला दान दिलंय. दोघं एकाच वेळी गेलेले, त्यामुळे कायस्थ नावाच्या मांडलिक घराण्यातल्या अंबदेवाच्या बंडात लढाईवर असताना ती मारली गेली असं अभ्यासक मानतात. तेव्हा तिचा नातू प्रतापरुद्र राज्य चालवण्याच्या वयाचा होता. म्हणजे ही साठीपुढची बाई आहे, दुखऱ्या गुडघ्यांनी छावणीत उतरलेली. तिला घोड्यावर उधळत नेण्याचा मोह आवरा. म्हातारी राणी, सेनापती सोबतीला, आणि समोर कालपर्यंत आपल्याच पदरचा असलेला माणूस, याला सजावट लागत नाही. आणि हे मरण लढाईतून न सांगता त्या सैनिकाकडून सांगा. त्याच्याजवळ थोडीशी भूमी आहे, ती तो देवाला देतोय, पाथरवट विचारतोय की दगडावर काय नाव घालू, महाराज की देवी. उत्तर लेखातच आहे, बघून घ्या: काकती रुद्रमदेवी.

वीरभद्राबद्दल, म्हणजे रुद्रमेच्या नवऱ्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण तीन प्रकरणांत तो दोनदाच शिंकतो. राज्यकारभारात तो दिसत नाही हे खरं. तरी घरात असेलच ना! 'महाराज' असलेल्या बाईचा नवरा म्हणून जगणं हे एक छोटं, खमंग प्रकरण होऊ शकतं. त्यांना मुलगे नव्हते. मुम्मडम्मा या मुलीचा मुलगा प्रतापरुद्र, त्यालाच पुढे वारस केलं. आपल्या बापाने लेकीला मुलगा केलं, पण आपण आपल्या लेकीला केलं नाही, थेट नातवाला गादी दिली. का? हा प्रश्न तिला विचारायचा अधिकार एकाच व्यक्तीला आहे, आणि ती कृष्णेच्या काठी राहते.

शेवटचं, कामाचं. वंशवेल पहिल्या पानाआधी छापा, परिशिष्टात नको. महादेव नावाचे तीन पुरुष आहेत: रुद्रमेचा आजोबा, तिचा शत्रू आणि तिचा जावई. रुद्र तर आणखी जास्त, आणि बेता हे नाव काकतीयांच्या जुन्या राजांचंही आहे. जावयाला पहिल्यापासून एखादं घरगुती टोपणनाव द्या, नाहीतर वाचक दहाव्या प्रकरणात देवगिरीच्या राजाला ओरुगल्लूच्या पंगतीला बसवेल. गणपांबेचा लेख, मंदडमचं दान आणि चंदुपटला या तीन गोष्टी खऱ्या आहेत, एवढं भूमिकेत एका परिच्छेदात सांगा. पुढची तीन प्रकरणं झाली की पाठवा, अमरेश्वराच्या कळसांचं आधी.